किकरी, जाते आणि आपण : उटनूर परिसरातील करुण गाण्यांची कहाणी

दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री आम्ही मंडळाची माणसे बाप्पांना निरोप देऊन परत येतो, तेव्हा मांडवात कोणी फारसे बोलत नाही. दहा दिवस ढोल, ताशा, आरत्या, मुलांच्या स्पर्धा यांनी गजबजलेली जागा एकदम मोठी वाटू लागते. लहान मुले रडतात आणि त्यांना कोणी हसत नाही. गंमत म्हणजे हे रडू कोणालाच नकोसे नसते. विसर्जनाला जाऊ नको म्हटले तर तेच मूल जास्त रडते.

मंडळाच्या संगीत रजनीतही हाच अनुभव येतो. फर्माईशीच्या चिठ्ठ्या उघडल्या की त्यांत आईच्या आठवणीची, सासरी निघालेल्या लेकीची, विरहाची गाणीच अधिक निघतात. सणाच्या दिवशी, पोटभर मोदक खाल्ल्यावर, माणसे दुःखाचे गाणे मागतात. डोळे पुसतात आणि पुन्हा एकदा म्हणा असे सांगतात. असे का होत असावे? या वर्षीच्या स्मरणिकेसाठी या प्रश्नाचा मागोवा घ्यायचे आम्ही ठरवले. पुस्तकांतून सुरुवात केली आणि शेवटी आपल्याच परिसरात येऊन पोहोचलो.

प्रश्न जुनाच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण हा एक रस मानला आहे आणि शोक हा त्याचा स्थायी भाव. शोक आणि करुण या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत, हे महत्त्वाचे. आपल्या घरात माणूस जातो तो शोक. रंगभूमीवर सीता वनात सोडली जाते आणि आपण गहिवरतो तो करुण. मूळ विदर्भातील पद्मपूरचा असलेला भवभूती तर याच्याही पुढे गेला. रस खरा एकच, तो करुण, बाकीचे त्याचीच रूपे, असे त्याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकात म्हटले आहे.

मराठीत या प्रश्नावर मोठा खल झाला. शोककथा वाचून आनंद का होतो याचे उत्तर देताना न. चिं. केळकरांनी १९२१ सालच्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. सोप्या भाषेत सांगायचे तर, वाचक दुसऱ्याच्या जीवनात शिरतो, पण आपण आपणच आहोत हे भानही त्याला असते. एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याचा तो आनंद. याच सुमारास महाराष्ट्र एका करुण नाटकाने हेलावून गेला होता. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले. त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यानंतर. बालगंधर्वांची सिंधू पाहून लोक रडत घरी जात आणि पुढच्या प्रयोगाला पुन्हा येत.

अलीकडे हाच प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी हाती घेतला. बर्लिनच्या लिला तारुफी व स्टेफान कोल्श यांनी २०१४ साली ७७२ लोकांच्या उत्तरांवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. उदास संगीत ऐकताना काय वाटते, असे विचारता सर्वांत जास्त वेळा आलेले उत्तर ‘दुःख’ हे नव्हते. ते होते गतस्मृतींची हुरहुर. मन खचलेले असते तेव्हा अशा संगीताने आधार वाटतो, असेही अनेकांनी सांगितले.

ही सारी उत्तरे ऐकणाऱ्याच्या मनाची आहेत. गाणाऱ्याचे काय? दुःखाचे गाणे कोणी गायचे, कोणासाठी, आणि ते गायले नाही तर काय बिघडते? याचे उत्तर शोधायला आपल्याला बडोद्याला किंवा बर्लिनला जावे लागत नाही. आपल्या उटनूरच्या आसपास पिढ्यान् पिढ्या हे काम नेमून दिलेले लोक राहतात. ते म्हणजे परधान.

परधान हे राजगोंडांचे वंशपरंपरागत कथेकरी. गोंडीत त्यांना पटाडी असेही म्हणतात. तोटी समाजातले लोकही हे काम करतात. एकेका परधान घराण्याची ठरावीक गोंड कुळे यजमान असतात. त्या कुळाची उत्पत्ती, त्याचे देव, त्याचे पूर्वज, त्यांच्या लढाया आणि आपत्ती हे सारे परधानाला मुखोद्गत. हातात किकरी. किकरी म्हणजे तीन तारांचे, गजाने वाजवायचे वाद्य. तारा घोड्याच्या केसांच्या. आवाज सारंगीच्या घराण्यातला, पण अधिक खरखरीत. रात्रीच्या वेळी लांबून ऐकला तर एखादे वयस्क माणूस घशातल्या घशात बोलत आहे असे वाटते. सोबत सनईसारखे पेपरे असते.

या घराण्यांच्या उगमाची एक कथा मध्य भारतात सर्वत्र सांगतात. गोंड भावांनी बडादेवाची पूजा मांडली, नैवेद्य केला, तरी देव काही येईना. मग सर्वांत धाकट्या भावाने वाद्य तयार केले आणि छेडले, तेव्हा देव खाली उतरला. तो धाकटा भाऊ म्हणजे पहिला परधान. म्हणजे गोंड आणि परधान हे मुळात भाऊ, आणि धाकट्याच्या वाट्याला शेतीऐवजी गाणे आले. परधानांवर पहिले स्वतंत्र पुस्तक १९४६ साली लिहिले ते एका मराठी माणसाने, व्हेरिअर एल्विन यांचे सहकारी शामराव हिवाळे यांनी. ते नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांविषयी आहे.

परधानाचे गाणे छापील कागदावर आले ते त्याच्याही ऐंशी वर्षे आधी. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाच्या तोंडून लिंगोची दीर्घ कथा लिहून घेतली होती. हिस्लॉप १८६३ साली बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. लिंगो हा गोंडांचा महापुरुष. त्याने कोंडलेल्या गोंडांना सोडवले, त्यांना कुळे दिली, चालीरीती दिल्या. पण त्या कथेत त्याच्या मानलेल्या भावांनीच खोट्या आरोपावरून त्याला मारल्याचा प्रसंग येतो. त्याचे डोळे काढले जातात आणि पुढे देवाच्या कृपेने तो पुन्हा जिवंत होतो. ज्याने सर्व दिले त्यालाच आपल्या माणसांनी मारले, हा त्या कथेच्या मध्यावरचा काटा आहे. समाजाच्या स्थापनेची कथा सांगताना परधान ही गोष्ट वगळत नाही.

आता मुख्य मुद्दा. गोंडांच्या घरी माणूस गेला की परधानाला काम असते. मृताच्या विधींत तो येतो, किकरी वाजवतो, गातो. पेर्सा पेन हा कुळाचा थोर देव. त्याच्या पूजेच्या वेळी मागच्या वर्षात गेलेल्यांना पूर्वजांच्या मेळ्यात सामील करून घेतले जाते. त्या वेळी कुळाची कथा परधानाने म्हणायची असते. मेलेला माणूस एकटा भटकू नये, आपल्या लोकांत जाऊन पोहोचावा, यासाठी. तिथले करुण गाणे ऐकणाऱ्यांचे मन हलके करण्यासाठीच आहे असे नाही. ते एक काम आहे. गेलेल्याला वाट दाखवायची आणि राहिलेल्यांना सांगायचे की तो कुठे गेला.

आमच्यापैकी काहींनी शेजारच्या गुड्यावर असा प्रसंग पाहिला आहे. एका म्हाताऱ्या गोंड शेतकऱ्याच्या दिवसांना आम्ही ओळखीमुळे गेलो होतो. घरच्या बायका आकांत करून थकल्या होत्या. मग अंगणात एका बाजूला परधान बसला आणि त्याने किकरी लावली. आम्हाला गोंडीतले शब्द अर्धेमुर्धेच कळत होते. पण हळूहळू रडण्याचा सूर बदलला हे आम्हाला कळले. आधी जो तो वेगळा रडत होता. आता सगळे एका लयीत शांत झाले, मधूनच कोणी हुंदका देई, कोणी मान हलवी. एका नावापाशी घरातला थोरला मुलगा एकदम ताठ बसला. नंतर विचारले तेव्हा समजले की ते त्याच्या खापरपणजोबांचे नाव होते. बापाच्या आधी त्या वाटेने कोण कोण गेले, ते परधान एकेक सांगत होता.

शोक आणि करुण यांतला फरक आम्हाला त्या अंगणात जेवढा कळला तेवढा पुस्तकात कळला नव्हता. दुःख तेच होते, पण त्याला क्रम मिळाला, नावे मिळाली आणि सोबत मिळाली.

या परधानांच्या कथा आपल्या भागात नीट लिहून घेतल्या गेल्या त्याला कारण घडले तेही एक दुःखच. १९४० साली जोडेघाट येथे कुमरं भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेला. जंगल आणि जमीन यांवरच्या हक्कासाठीचा तो लढा होता. त्यानंतर गोंड का उठले हे समजून घेण्यासाठी निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना या भागात पाठवले. ते ऑस्ट्रियाचे. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा ते भारतात होते आणि शत्रुराष्ट्राचा पासपोर्ट हाती असल्याने त्यांना परत जाता येत नव्हते. पत्नी बेट्टी यांच्यासह ते मारलवाई गावात झोपडी बांधून राहिले. १९४८ साली आलेला त्यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरचा ग्रंथ मुख्यतः परधानांनी सांगितलेल्या कथांवर उभा आहे. बेट्टीबाई १९८७ साली वारल्या. त्यांची समाधी मारलवाईत आहे. १९९५ साली हायमेनडॉर्फ लंडनला वारले आणि पुढे त्यांच्याही अस्थी तेथेच आणल्या गेल्या. मारलवाईचे गोंड त्यांची पुण्यतिथी आजही आपल्या रीतीने करतात. घरापासून तुटलेला एक परदेशी माणूस गोंडांच्या पूर्वजांची गाणी लिहून घेता घेता त्यांच्याच मातीत विसावला.

कुमरं भीमची पुण्यतिथी जोडेघाटला आश्विन पौर्णिमेला पाळतात. वाचकहो, ही आपली कोजागिरी. आपण आटीव दूध घेऊन गच्चीवर गाणी म्हणतो त्याच चांदण्यात तिकडे डोंगरात हजारो माणसे एका मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी जमतात.

मराठी माणसाच्या दृष्टीने या साऱ्यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि ती आमच्यापैकी अनेकांना आजवर ठाऊक नव्हती. आदिलाबादच्या परधानांची घरातली बोली मराठी आहे. हायमेनडॉर्फ यांनी ऐंशी वर्षांपूर्वीच हे नोंदवून ठेवले आहे. परधान यजमानाच्या अंगणात गोंडीत गातो आणि घरी येऊन बायकामुलांशी मराठीत बोलतो. दुसऱ्याच्या दुःखाचे गाणे दुसऱ्याच्या भाषेत म्हणायचे आणि स्वतःचे सुखदुःख आपल्या मराठीत. असा मराठी माणूस आपल्या शेजारी राहत होता, आणि आम्ही मराठी माणसांची यादी करताना त्याला कधी मोजले नाही.

मारलवाईत १९४३ च्या सुमारास शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले तेव्हा गोंडी पुस्तके देवनागरी लिपीत तयार केली गेली. निजामाच्या मुलकी सेवेतले निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी या भागात अधिकारी होते. पुढे शिवकालाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले हेच पगडी. त्यांनी गोंडी शिकून घेतली, तिचे व्याकरण लिहिले, आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आदिलाबाद आणि उटनूर इकडे राहिले. नकाशावर रेघ आली, पण सोयरिकी, बाजार आणि गाणी तिला जुमानत नव्हती.

आपल्याकडेही करुण गाण्याचे काम नेमून दिलेले होते, फक्त त्याला मानधन नव्हते. ते बायकांकडे होते आणि त्याचे वाद्य होते जाते. पहाटे उठून दोन पायली दळायचे आणि दळताना ओवी म्हणायची. दिवसभर सासूसमोर, दिरासमोर जे बोलता येत नसे ते जात्याला सांगायचे. माहेर, न आलेला भाऊ, वारलेली आई, पोटी न राहिलेले मूल. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या नावाने अशा ओव्या गोळा केल्या. पुढे पुण्याहून हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी खेड्याखेड्यांतून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. जगातल्या कोणत्याही भाषेत बायकांनी स्वतः रचलेल्या गाण्यांचा एवढा मोठा साठा क्वचितच असेल. त्यात देवाधर्माच्या ओव्या पुष्कळ आहेत, पण सर्वांत हळुवार आहेत त्या दुःखाच्या.

आमच्या घरांतल्या आज्या मराठवाड्यातून आणि यवतमाळकडून लग्न होऊन इकडे आल्या. तेव्हा बस नव्हती, पावसाळ्यात ओढे भरले की महिनोन् महिने माहेरची खबर मिळत नसे. आमच्यातल्या एकाची आजी सांगत असे की ओवी म्हटल्यावर दळण हलके होते. तिला विचारले, ‘आजी, रडू येईल अशीच ओवी का म्हणतेस?’ तर ती म्हणाली, ‘अरे, माझ्या आईनंसुद्धा हीच म्हटली होती. मी म्हणाया लागले की ती दुसऱ्या बाजूनं खुंटा धरती.’ केळकरांची सविकल्प समाधी आणि बर्लिनची गतस्मृती ही दोन्ही आजीच्या या एका वाक्यात बसतात असे आम्हाला वाटते.

गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले. याबद्दल कोणालाही खंत वाटायचे कारण नाही. जात्याबरोबर हाताला आलेले घट्टे गेले, पण दुःख सांगायची ती पहाटेची जागाही गेली.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. चाल नाचरी, टाळ्यांची, आणि शब्द मात्र सासुरवासाचे. त्याच दिवसांत आपल्या तेलुगू शेजारणी बतुकम्मा मांडतात. फुलांच्या राशीभोवती फेर धरून त्या ज्या कथा गातात त्यांतही लेकीबाळींच्या यातना आहेत. निजामाच्या मुलखात मोहरमच्या दिवसांत हिंदू घरांतली माणसेही सवारीपुढे नवस बोलत, करबल्याची शोकगीते ऐकत. दख्खनी भाषेत मर्सिये लिहिणाऱ्यांत गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहाही होता. गोंडी, मराठी, तेलुगू, दख्खनी अशा चार भाषा आपल्या बाजारात रोज कानावर पडतात. चारही भाषांत माणसांनी दुःखासाठी ठरावीक दिवस, ठरावीक जागा आणि ठरावीक गाणारे राखून ठेवले होते.

करुण गाण्याची ओढ का वाटते, याचे आम्हाला सापडलेले उत्तर हे असे आहे. दुःख एकट्याचे असते तोवर ते नुसते दुखते. कोणी ते गाऊ लागले की हे आपल्या आधीही कोणावर आले होते, असे कळते. गाण्यात आपल्या आधीची माणसे असतात. परधान ती नावे घेऊन सांगतो. आजी खुंट्याची दुसरी बाजू दाखवून सांगते. आपण फर्माईशीची चिठ्ठी पाठवतो तीही अशाच सोबतीसाठी.

आता थोडे आमच्याबद्दल, आणि ते सांगताना आम्हाला संकोच वाटतो. आमच्या मंडळाच्या व्यासपीठावर आजवर भावगीते झाली, लावणी झाली, पुण्या-नागपूरकडचे वाद्यवृंद येऊन गेले. त्यांच्या बिदागीसाठी आम्ही घरोघर वर्गणी मागितली. परधानाची किकरी मात्र आमच्या मांडवात एकदाही वाजली नाही. कोणी मुद्दाम टाळले असे नाही. सुचलेच नाही. एका सभासदाने हा विषय काढला तेव्हा पहिली प्रतिक्रिया अशी आली, की ‘सणात मयताचे वाद्य कशाला?’ हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. किकरी देवकार्यात आणि कुळकथांतही वाजते, ती केवळ मयताची नाही, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर असे, की गणेशोत्सव हा निरोपाचाच सण आहे. पहिल्या दिवशीच आपल्याला शेवटचा दिवस ठाऊक असतो.

घाई करण्याचे कारण आहे. परधानांची मुले शिकली, शिक्षक झाली, कार्यालयांत लागली. हे चांगलेच झाले. यजमानांकडे पूर्वीसारखे धान्य, कापड, जनावर देण्याची ऐपत राहिली नाही. ज्या मुलाने बापाकडून किकरी शिकायची तो शहरात आहे, आणि कुळाची कथा एका रात्रीत शिकता येत नाही. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध परधानाला आम्ही विचारले, ‘बाबा, तुमच्यामागे कोण वाजवणार?’ त्यांनी आमच्याच मराठीत उत्तर दिले, ‘माझ्या मयताला कोण वाजवंल, ते आधी सांगा.’

आम्ही गप्प बसलो. त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते, आजही नाही. पण निदान एवढे करता येईल, असे या वर्षीच्या बैठकीत ठरले आहे. पुढच्या गणेशोत्सवात विसर्जनाच्या आदल्या रात्री वाद्यवृंद ठेवायचा नाही. त्या रात्री परधान बाबांना रीतसर निमंत्रण, मानाचे पान आणि पाहुण्या कलाकाराइतकीच बिदागी द्यायची. ते म्हणतील तेच आणि म्हणतील तेवढेच गायचे. विधीतले जे बाहेर म्हणायचे नसेल ते म्हणायचा आग्रह धरायचा नाही. त्यांच्यानंतर आपल्यातल्या ज्या आज्यांना ओव्या आठवतात त्यांनी बसावे. कोणाच्या घरी अडगळीत जाते पडले असेल तर कळवावे, आम्ही उचलून आणू. आणि त्या सर्वांची परवानगी असेल तर आपल्या तरुण मंडळींनी मोबाईलवर ते नीट ध्वनिमुद्रित करून, कोणी गायले आणि कोणाकडून शिकले ते लिहून ठेवावे. हिस्लॉप यांनी ज्याच्याकडून कथा उतरवून घेतली त्या परधानाचे नाव आज लोकांच्या तोंडी नाही. आपल्याकडून तरी तसे होऊ नये.

ज्यांना ही कल्पना पटत नसेल त्यांनीही जरूर यावे, शेवटच्या रांगेत बसावे आणि नंतर आमच्याशी भांडावे. चहाची सोय नेहमीप्रमाणे मंडळाकडे आहे.